पाटीवरची अंडी

मानवतला बसस्टँडकडून मोंढ्याकडं, म्हणजे धान्याच्या बाजाराकडं, जाताना उजव्या हाताला एक फोटो स्टुडिओ होता. पुढं एका खणाचं दुकान, मध्ये काळा पडदा, पडद्यामागं फोटो धुवायची अंधारी खोली, आणि तिच्याही मागं राहतं घर. बोर्डावर नाव गुरुसिद्धप्पांचं होतं. फोटो मात्र शांतम्मा काढायच्या.

हे काही ठरवून झालं नव्हतं. गुरुसिद्धप्पांना साखरेचा आजार जडला. त्यानं आधी तळपायांची आग केली, मग डोळे धरले. एका लग्नात ते नवरीऐवजी करवलीचेच फोटो काढून आले. दुसऱ्या दिवशी शांतम्मांनी कॅमेरा आपल्या गळ्यात अडकवला. अंधाऱ्या खोलीतलं काम त्यांना पहिल्यापासून येतच होतं. उरलेलं त्या शिकल्या. बीदरकडच्या लिंगायत घरातली मुलगी, लग्न होऊन आली तेव्हा तोंडात सगळी कन्नड. तीच आता डोक्यावरचा पदर सावरत, "मान जराशी खाली... हां, आता श्वास सोडा," असं म्हणत भल्याभल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत खिळवून ठेवायची. बायकांना त्यांच्यासमोर बसायला संकोच वाटायचा नाही. स्वभाव कडक, जीभ त्याहून कडक, पण हात स्थिर.

फोटोसाठी रंगवलेल्या पडद्याच्या बरोबर समोर, भिंतीला लागून माशांची मोठी काचेची पेटी होती. ती हौस अप्पांची. गावात गुरुसिद्धप्पांना सगळे अप्पाच म्हणत. हैदराबादला फिल्मचे रोल आणायला गेले की येताना ते पाण्यानं फुगवलेली पिशवी मांडीवर धरून रेल्वेत बसायचे आणि मानवत रोड स्टेशनला उतरेपर्यंत तिला कुणाचा धक्का लागू द्यायचे नाहीत. पेटी भरली की चार गड्यांना हलायची नाही. तिच्यासाठी लिंबाजी गवंड्यानं विटांचा पक्का ओटा बांधून दिला होता. लिंगपूजा झाल्याशिवाय ज्या घरात पाण्याचा घोट घेत नाहीत, त्या घरात मासे म्हटल्यावर गावाला थट्टेला विषयच झाला. "अप्पा, कालवण कधी?" असं कुणी विचारलं की अप्पा हसायचे आणि शांतम्मा आत निघून जायच्या. त्यांना ती पेटी मुळीच आवडायची नाही. पाणी बदलायचं काम शेवटी त्यांच्याच गळ्यात पडायचं.

पेटीत एंजल मासे होते. चपटे, उभट, अंगावर काळे पट्टे, वरखाली लांबलचक पंख. अप्पांनी आणलेल्यांपैकी दोघांनी आपली जोडी आपणच जमवली आणि बाकीच्यांना टोचून टोचून कोपऱ्यात दाबलं. अप्पांनी ते बाकीचे वाटून टाकले. जोडीसाठी पेटीत शाळेची एक जुनी दगडी पाटी तिरकी उभी केली. एक दिवस मादी त्या पाटीला पोट लावून खालून वर सरकू लागली आणि तिच्यामागं मधाच्या रंगाच्या बारीक मण्यांची ओळ उमटत गेली. तिच्यामागून नर तसाच. पाटी भरली तसे दोघं तिच्यासमोर उभे राहून आळीपाळीनं पंखांनी वारा घालू लागले. त्या दिवशी अप्पा जेवायला उठेनात.

पण ती अंडी काही टिकली नाहीत. एक नवं जोडपं फोटोला आलं, फ्लॅश उडाला, आणि दोघं मासे असे दचकले की काचेवर आदळले. घटकाभरानं शांतम्मांनी पाहिलं तर पाटी धुतल्यासारखी स्वच्छ.

"खाल्ली," अप्पा म्हणाले.

"कुणी?"

"त्यांनीच. आईबापांनी."

शांतम्मांना घास गेला नाही. "असलं जनावर घरात नगं," त्या म्हणाल्या. अप्पांनी समजावलं, की भ्याले की त्यांना वाटतं, आता ही काही वाचत नाहीत, म्हणून खातात. दोनचारदा असं झालं की शिकतात. पुढच्या वेळी थंडीत वीज गेली, पाणी गार पडलं आणि सगळी अंडी पांढरी होऊन बुरशीनं भरली. त्याच्या पुढच्या वेळी दारावरून वरातीचा बँड गेला. पाटी पुन्हा स्वच्छ.

अशात हैदराबादच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अप्पांचं ऑपरेशन ठरलं. संक्रांत झाली की जायचं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. डाव्या डोळ्याची आशा सोडाच म्हणाले होते, उजव्याचं बघू. त्या उजव्यातून अप्पांना अजून, भरपूर उजेडात आणि निगेटिव्ह बघायची भिंगाची काच लावली तर, एवढ्याशा तुकड्यापुरतं दिसायचं. एकदा माशांना खाणं टाकताना ते बोलून गेले, "ऑपरेशनच्या आधी एकडाव पिल्लं बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं." पुन्हा काही म्हणाले नाहीत. शांतम्मांच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

आणि नेमकी भोगीच्या दिवशी पाटीवर अंडी आली.

या वेळी शांतम्मांनी सगळं आपल्या हातात घेतलं. पेटीला तीन बाजूंनी अंधाऱ्या खोलीतलं काळं कापड लावलं. फोटोच्या रसायनांत बुडवायचा थर्मामीटर धुऊन पाण्यात सोडला. दुकानात फ्लॅश बंद, मोठे दिवे बंद. कोण का येईना. लोणच्याची मोठी बरणी घासूनपुसून उन्हात ठेवली.

"पाटी काढून हिच्यात ठिवू," त्या म्हणाल्या. "बुरशीचं निळं औषध टाकू, हवेची नळी सोडू. मग खातील कसे?"

"न्हाई. आईबापांपाशीच ऱ्हाऊ दे."

"दोनदा खाल्ली की त्यांनी!"

"म्हणून काय झालं? शिकतील."

मासे अप्पांचे होते. बरणी उन्हातच राहिली.

संक्रांतीला सकाळीच आबासाहेबांकडून बोलावणं आलं. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार, मोंढ्यात ज्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने. तिला घेऊन दुकानात कधी यायचं, असा निरोप होता. शांतम्मांनी निरोप घेऊन आलेल्या गड्यालाच सांगितलं, "दुकानात आज जमत न्हाई. मीच घरी येते म्हण." आणि गेल्याही. फोटो छान निघणार याची त्यांना कॅमेऱ्याचं बटण दाबतानाच खात्री झाली. येताना आबासाहेबांच्या घरून तिळगुळाची भरली ताटली मिळाली. ती त्यांनी गल्ल्याशेजारी ठेवली.

गाव मात्र सणाचं दिसत नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद सोळा-सतरा वर्षं धुमसत होता. अठ्ठ्याहत्तर साली ज्यांची घरं जळाली ते विसरले नव्हते आणि ज्यांनी जाळली तेही विसरले नव्हते. महिनाभर चौकात पोलिसांची गाडी उभी होती. त्या दुपारी बातमी आली, की निर्णय झाला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. भीमनगरातून फटाक्यांचा आवाज आला. मोंढ्यातली शटरं एकामागून एक खाली आली. माणसं घोळक्यानं उभी राहून हळू आवाजात बोलू लागली आणि कुणी जवळून गेलं की गप्प व्हायची.

दिवस कलताना लिंबाजी आणि त्याची बायको सरजाबाई दुकानाच्या पायरीशी आले. लिंबाजीनं पांढरंशुभ्र धोतर नेसून निळा फेटा बांधला होता. सरजाबाईनं निळ्या काठांचं पांढरं लुगडं नेसलं होतं. त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. दोघांचं अख्खं आयुष्य विटा-सिमेंटात गेलेलं. त्यानं बांधायचं, तिनं घमेलं उचलायचं.

"अम्मा, जोडीचा फोटो काढा आमचा," सरजाबाई म्हणाली. "आजवर काढलाच न्हाई. आज आमचा दिस हाय."

शांतम्मांची नजर काळ्या कापडाकडं गेली. "आज न्हाई जमायचं, सरजाबाई. आठ दिवसांनी या."

"आठ दिसांनी?"

"आज फोटो बंद हायत."

सरजाबाईचं लक्ष गल्ल्याशेजारच्या ताटलीकडं गेलं. तिळगुळावर पांढऱ्या काटेरी हलव्याचे दाणे होते. "सकाळी आबासायबाच्या सुनंचा काढला न्हवं का? सगळ्या गावाला ठावं हाय."

"काढला, पण तो..." शांतम्मा थांबल्या. माशांची अंडी, असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण आज, या घटकेला, या माणसांना माशांच्या अंड्यांचं कारण सांगितलं तर ते तोंडावर मारल्यासारखं वाटेल, कोण विश्वास ठेवील, असं त्यांच्या मनात आलं आणि शब्द आतच राहिले.

"कळलं," सरजाबाई म्हणाली. आवाज चढला नाही. चेहरा फक्त मिटल्यासारखा झाला. "चला हो."

लिंबाजी मागं वळून काहीतरी बोलणार होता. सरजाबाईनं त्याचा दंड धरला आणि दोघं पायरी उतरून गेले.

"कोण आलतं?" आतून अप्पांनी विचारलं. शांतम्मांनी सांगितलं.

अप्पा म्हणाले, "घरी येऊन काढते म्हणायचं की. आबासाहेबाकडं गेलीस तशी."

शांतम्मांच्या हातात दिवा होता. तो त्यांनी आदळलाच. "तुमच्याच माशांपायी झालं ना हे समदं! मला बोलायलाव?" पण बोलून झाल्यावर त्या तिथंच उभ्या राहिल्या. अप्पांनी दोष दिला नव्हता. सरळ एक गोष्ट सांगितली होती. आबासाहेबांच्या गड्याला 'मीच येते' हे शब्द किती सहज निघाले होते तोंडातून! लिंबाजीच्या घरी जायचं मनातसुद्धा आलं नाही. नको म्हणून टाळलं असतं तरी एक वेळ बरं. सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निर्णयाच्या विरोधात बंद पुकारला गेला. एसटी आली नाही. सकाळीच वीज गेली आणि थंडी अशी, की बादलीतलं पाणी हाताला चावत होतं. शांतम्मांनी स्टोव्हवर पाणी तापवून सलाईनच्या काचेच्या बाटल्या भरल्या आणि बुचं घट्ट लावून पेटीत तरंगत सोडल्या. थर्मामीटरचा पारा उतरायचा थांबला. अंड्यांत आता काळे ठिपके दिसत होते. फुटायला आली होती. दोघं मासे पाटीला चिकटून उभे होते.

मग त्यांनी कॅमेऱ्यात रोल भरला.

"आज?" अप्पा म्हणाले. "बंद हाय, शांतम्मा."

"आज न्हाई गेले तर उद्या जाऊन काय उपेग?"

"आन हे?" त्यांनी पेटीकडं बोट केलं. "बाटल्या गार पडल्या तर? मला दिसत न्हाई."

"हात हायत ना? हात लावून बघा. शटर लावून घ्या आतून."

त्यांनी कॅमेरा शालीखाली धरला आणि निघाल्या. रस्ता मोकळा होता, आणि मोकळा होता म्हणूनच लांब वाटत होता. चौकात चहाच्या बंद हॉटेलासमोर खुर्ची टाकून आबासाहेब बसले होते. भोवती दहा-पंधरा तरुण. पोलिसांची गाडी जरा पलीकडं.

"वहिनी, कुठं निघालात?"

"फोटो काढायला."

"आज? कुणाचा म्हणावं?"

खोटं बोलणं सोपं होतं. बहिणीकडं, दवाखान्यात, कुठंही. "लिंबाजीचा," त्या म्हणाल्या. "आमचा गवंडी."

कुणीतरी तोंडानं चक् केलं. आबासाहेब हसले. "काल आमच्या सुनंचा काढला, लय मेहेरबानी झाली. आज त्याच कॅमेऱ्यानं तिकडं?"

"कॅमेरा एकच हाय आमच्याकडं, आबासाहेब."

हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. एक तरुण पुढं सरकला. आबासाहेबांनी हात वर केला. "जाऊ द्या रे. बाईमाणूस हाय." आणि शांतम्मा दोन पावलं पुढं गेल्यावर, अगदी काळजीच्या सुरात, "जपून वहिनी. काचंचं दुकान हाय तुमचं."

परत फिरावं असं त्यांना तिथंच वाटलं. अप्पा एकटे होते. पेटी उचलून आत नेता येण्यासारखी नव्हती. पाठीत डोळे रुतल्यासारखे वाटत होते आणि पाय तर पुढंच पडत होते. वळण आल्यावर त्यांनी कॅमेरा शालीबाहेर काढला. लपवून नेला तर चोरून नेल्यासारखं होईल.

भीमनगराच्या तोंडाशीही पोरं बसलेली होती. त्यांनीही अडवलं. "कुणाकडं?" नाव सांगितल्यावर एकजण पुढं चालत लिंबाजीच्या दारापर्यंत आला आणि तिथंच थांबून राहिला.

सरजाबाई अंगणात डालग्याखालची कोंबडी काढत होती. अंगावर कामाचं जुनं लुगडं. तिनं वर बघितलं, पण उठली नाही.

"आज कसं काय जमलं?"

शांतम्मांनी येताना वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरली. "पेटीतल्या मासोळीनं अंडी घातल्यात," त्या म्हणाल्या. "फ्लॅश उडला की भिऊन आपलीच अंडी खातेत. दोनदा खाल्ली. अप्पांना डोळे जायच्या आधी पिल्लं बघायची हायत. म्हणून फोटो बंद केले. खोटं वाटंल तुमाला, पण असंच हाय."

"आन आबासायबाची सून?"

"तिच्या घरी जाऊन काढला."

सरजाबाईनं डालगं पुन्हा खाली टेकवलं. डालग्याखालची कोंबडी गुरगुरत होती.

"तुमच्या घरी यावं, हे मला सुचलं न्हाई," शांतम्मा म्हणाल्या. "ते अप्पांनी सांगावं लागलं. ते मासोळीमुळं न्हाई. ते माझंच."

लिंबाजी दारात येऊन उभा होता. "जाऊ द्या अम्मा," तो म्हणाला. "आलाव न्हवं."

"तुमी गप बसा," सरजाबाई त्याला म्हणाली आणि शांतम्मांकडं वळली. "मासोळीच्या अंड्यापायी म्हणून काल सांगायचं व्हतं की. मी कोंबड्या बसवते अंड्यावर. खुडुक कोंबडीपशी पोरांना ओरडूबी देत न्हाई मी. मला कळलं नसतं व्हय?"

शांतम्मा उभ्याच होत्या. शेवटी लिंबाजीनंच अंगणात बाज ओढली.

"लुगडं बदलता?" शांतम्मांनी विचारलं. "कालचं?"

"काल नेसायचा दिस व्हता, काल नेसलं. धुवायला टाकलंय." सरजाबाई आहे त्याच लुगड्यात बाजेवर बसली. लिंबाजीनं मात्र फेटा बांधला. ऊन चांगलं होतं, फ्लॅशची गरज नव्हती. मान खाली करा, असं शांतम्मांनी त्या दिवशी म्हटलं नाही. सरजाबाई भिंगात सरळ बघत होती. तशीच त्यांनी टिपली.

परतताना चौकात खुर्ची रिकामी होती. त्या झपाझप चालल्या, मग पळाल्याच म्हणा ना. दुकानासमोर कुणी नव्हतं. शटरला मधोमध मोठा पोचा पडला होता आणि पायरीवर अर्धी वीट.

"अप्पा! ओ अप्पा!"

आतून शटर हातभर उघडलं. त्या वाकून आत शिरल्या. अंधारात काही दिसेना, मग दिसलं. अप्पा परत जाऊन जमिनीवर बसले होते, सदरा खांद्यापर्यंत ओला. समोर परातीत गरम पाणी, परातीत लोणच्याची बरणी, बरणीत पाटी. भिंगावरची धूळ उडवायचा रबरी फुगा होता त्यांच्याकडं; त्याला नळी लावून ते फुगा दाबत होते आणि पाण्यात बुडबुडे निघत होते. हात लयीत चालला होता.

"लागलं का तुमाला?"

"न्हाई. शटरावरच मारलं. दोनतीनदा. कोण व्हते कळलं न्हाई." त्यांनी फुगा दाबला. "पयल्या दणक्याला मासे असे उसळले, की आवाज आला मला पाण्याचा. म्हणलं, आता खायलेत. हात घातला. नर चावायला लागला बोटाला. पाटी घावली. उचलली आन इथं ठिवली. बरणी तू कुठं ठिवलीस ते हुडकण्यातच वेळ गेला. बघ की, काही ऱ्हायलीत का? मला दिसंना."

शांतम्मांनी मेणबत्ती पेटवली. पाटीचा खालचा अर्धा भाग साफ झाला होता. वरच्या भागात मणी होते. बरेच होते.

"हायत," त्या म्हणाल्या.

अप्पांनी भिंतीला डोकं टेकलं. हात थांबला नाही. "आईबापांपाशी ठिवायला नको व्हतं," ते म्हणाले. "तुझं ऐकायला पायजे व्हतं."

"भ्याली बिचारी," शांतम्मा म्हणाल्या. स्वतःच्या तोंडून माशांची बाजू निघाली, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी अप्पांच्या हातातून फुगा घेतला. "सदरा बदला आधी. आन आता मी दाबते."

वीज येईपर्यंत दोघं आळीपाळीनं फुगा दाबत राहिले. बाहेर पावलं वाजली की शांतम्मांचा हात आपोआप आवळायचा. पावलं पुढं जायची. त्या दिवशी पुन्हा कुणी आलं नाही.

अंडी फुटली. पिल्लं म्हणजे नुसती सुईच्या टोकाएवढी शेपटं, पाटीला डोक्यानं चिकटून वळवळणारी. ती सुटून पोहायला लागली, की त्यांना खायला काय द्यायचं, हा नवा पेच होता. हैदराबादचा मासेवाला म्हणाला होता, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून पिळून थेंबभर द्यायचा. लिंगायताच्या घरात कोंबडीचं अंडं! शांतम्मा दोन दिवस तळमळल्या. मग लिंबाजी-सरजाबाईच्या फोटोची प्रत घेऊन भीमनगरात गेल्या.

सरजाबाईनं फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "मी लय रागात दिसायले की."

"व्हताच की रागात."

"ऱ्हाऊ द्या तसंच," ती म्हणाली आणि फोटो लिंबाजीच्या हातात दिला. शांतम्मा घुटमळल्या. मग एकदाचं त्यांनी मागितलं. सरजाबाई आधी नुसती बघत राहिली आणि मग हसायला लागली ती थांबेचना. "अप्पांच्या घरात अंडं! अम्मा, गावाला कळलं तर?" पण हसता हसताच ती आत गेली आणि भुशात गुंडाळलेली दोन अंडी आणून तिनं शांतम्मांच्या पिशवीत ठेवली.

ती उकडली अंधाऱ्या खोलीत, वेगळ्या डब्यात, वेगळ्या स्टोव्हवर. आणि मग शांतम्मांनी डोक्यावरून आंघोळ केली. बलकानं पाणी नासायचं. रोज पाणी बदला, रोज मेलेली पिल्लं नळीनं ओढून काढा. निम्मी तर पहिल्याच दिवसांत गेली. शांतम्मा ते अप्पांना सांगायच्या. लपवायच्या नाहीत. शेवटी जी उरली ती बोटांवर मोजता आली असती.

हैदराबादला निघायच्या सकाळी त्यांनी बरणी दारातल्या उन्हात ठेवली. अप्पांनी भिंगाची काच डोळ्याला लावली आणि नाक बरणीला टेकवलं. बराच वेळ गेला. गाडीची वेळ होत आली.

"काही दिसतंय का?"

"हलायलंय काहीतरी," अप्पा म्हणाले. "ठिपका हाय. आता गेला... पुन्हा आला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, उन्हानं असेल. "बास. चला."

ऑपरेशननं डावा डोळा परत आणला नाही. उजव्याला मात्र बऱ्यापैकी नजर आली. शांतम्मा त्यांना दवाखान्यात पोचवून पिल्लांसाठी परत आल्या होत्या. पट्टी निघून अप्पा घरी आले तेव्हा पिल्लं रुपयाएवढी होऊन बरणीतून पेटीत आली होती आणि अंगावर पट्टे स्पष्ट उमटले होते. आबासाहेबांच्या सुनेचे फोटो त्यांचा गडी येऊन घेऊन गेला होता. त्या घरातून पुन्हा कुणी दुकानात आलं नाही. त्यांचं बघून मोंढ्यातली आणखी दोनचार गिऱ्हाइकंही तुटली. शटरचा पोचा शांतम्मांनी ठोकून घेतला नाही, त्याला कारण होतं फक्त हे, की तेवढ्यासाठी अख्खं शटर उतरवावं लागलं असतं.

अप्पा पेटीसमोर बसून पिल्लं बघत होते. बघता बघता त्यांनी मान वळवून शांतम्मांकडं पाहिलं आणि पाहतच राहिले.

"काय झालं?"

"म्हातारी झालीस की गं," ते म्हणाले. "कधी झालीस?"

"तुमी पिल्लं बघा," शांतम्मा म्हणाल्या आणि पदर ओढून पडद्यामागं गेल्या. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला जरा थांबावं लागलं.